आठ मायक्रॉनचा खळगा

तिसरा तुकडा पूनम खांडेकरला सापडला तो टेस्ट बेंचपासून अठरा फुटांवर, भिंतीतल्या पंख्याच्या जाळीत रुतून बसलेला.

हातमोजा घातलेल्या दोन बोटांनी तिने तो ओढून काढला. पोलादाचा तुकडा, खारकेपेक्षा थोडा मोठा. एक अंग आरशासारखं गुळगुळीत, दुसरं फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखं खरबरीत. एका टोकाला पंच ठोकून उठवलेला बारीक ठिपका होता. बुडाशी, जिथून तो तुटला होता तिथे, केसाएवढी लाल रेघ.

"हा ठिपका कसला?" तिने विचारलं.

"एक नंबरच्या दात्याची खूण," मागे उभे असलेले वर्कशॉपचे मालक सयाजीराव बागल म्हणाले. "चाकाला त्रेचाळीस दाते असतात. मोजणी कुठून धरायची ते कळावं म्हणून पहिल्याला ठिपका देतात. तुटले ते शेवटचा, पहिला आणि दुसरा."

"आणि ही लाल रेघ?"

"शेंदूर असणार. तेलात कालवून दात्यांना फासतो आणि जोडी हातानं फिरवतो. समोरच्या दात्यावर डाग कुठं उमटतो त्यावरनं टेकण कळतं."

पूनमने तुकडा पिशवीत टाकला, वर वेळ लिहिली. मंगळवार, सकाळचे नऊ वीस.

घटना कालची. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपमध्ये एका साखर कारखान्यासाठी बांधलेला गिअरबॉक्स सोमवारी सकाळी चाचणीला लावला होता; कारखान्याचे लोक शुक्रवारी तो बघायला येणार होते. येडू मेटकरी नावाचा फिटर लोखंडी सळईचं एक टोक झाकणाला आणि दुसरं कानाला लावून आतला आवाज ऐकत उभा होता. भार पूर्ण चढवल्यावर चौदाव्या मिनिटाला आतल्या मोठ्या चाकाचे तीन दाते उडाले, झाकण फुटलं. येडू जागीच गेला. वय अडतीस.

वरिष्ठ निरीक्षकांचा हुकूम स्पष्ट होता. "त्या डिझाइनवाल्या पोरीला सहाच्या आत ताब्यात घ्या. कागद पुरेसा आहे."

कागद आणून दिला होता सयाजीरावांच्या मुलाने. उदयसिंह बागल, वय तीस, पुण्यात शिकलेला, दोन वर्षांपासून वर्कशॉपचा व्यवस्थापक. आताही तो मोबाइल हातात धरून बेंचच्या टोकाला उभा होता. पांढरा शर्ट, एक डाग नाही.

"मॅडम, यात तपास करण्यासारखं काय उरलंय?" तो म्हणाला. "दात्याच्या पृष्ठभागाचं मॉडेल अंकिता डांगेनं केलं. फाइल तिच्या संगणकातली. तारीख अकरा मार्च. चाक घासलं वीस मार्चला. चुकीच्या मॉडेलवरनं चुकीचा दाता झाला."

"मॉडेल चुकीचं आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल. अपघातानंतर फाइल उघडून बघितली तेव्हा."

"पण चाक पास करणाऱ्या कुमारचा अहवाल म्हणतो दाता बरोबर होता. सव्वीस मार्चचा अहवाल आहे."

उदयसिंह हसला. "कुमार खुर्चीत बसून सह्या करतो. विचारा कुणालाही."

सयाजीराव सांडलेल्या तेलावर टाकलेल्या भुशाकडे बघत होते.

पूनमला एवढंच दिसत होतं: मॉडेल एक सांगतंय, अहवाल दुसरं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. आणि संगणक तपासणीला पाठवला तर उत्तर यायला महिना लागणार. अंकिता डांगेकडे साडेआठ तास होते.

*

अंकिता डिझाइनच्या खोलीत बसून होती. पंचवीस-सव्वीसची, मोडनिंबची. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"घरी कालच बातमी पोचलीय," ती म्हणाली. "पोरीनं माणूस मारला, अशी. वडील दाराबाहेर पडले नाहीत अजून. आज मला तुम्ही नेलंत, तर नंतर सुटले काय आणि नाही काय, सारखंच."

"मला दाता समजावून सांगा," पूनम म्हणाली. "मी सांगोल्याची. आमच्याकडं मेंढरांचे दात बघून वय सांगतात. त्यापुढं मला दातांतलं काही कळत नाही."

अंकिताच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तिने फाइल उघडली. पडद्यावर एकच दाता उभा राहिला, हत्तीच्या कानाएवढा मोठा करून, अंगावर बारीक जाळी.

"दोन चाकांचे दाते एकमेकांवर सरकतात. कुठं टेकायचं, किती टेकायचं, ते या पृष्ठभागावर ठरतं. मी सूत्रं लिहिते, संगणक त्यातनं हा पृष्ठभाग काढतो. लांबीच्या मधोमध मी पंचवीस मायक्रॉनचा फुगवटा ठेवते. म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा."

"एवढ्यानं काय होतं?"

"भार आला की चाकाचा दांडा थोडा वाकतोच. फुगवटा असला तर भार दात्याच्या मधोमध राहतो. दाता सपाट असला तर सगळा भार एका टोकाच्या कोपऱ्यावर जातो."

"आणि कोपरा मोडतो."

"व्हय." तिने मान खाली घातली. "येडूभाऊ तसेच गेले."

"या फाइलीत फुगवटा आहे?"

"नाही. सपाट आहे. पण ही फाइल माझी नाही, मॅडम."

"नाव तुमचं. पासवर्ड तुमचा."

"पासवर्ड अख्ख्या वर्कशॉपला ठाऊक आहे. माझं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. माझी खरी फाइल पुसून त्याच नावानं ही ठेवलीय."

"मशीनवर चढवलेलं सेटिंग?"

"रोज नवं काम चढतं, जुनं पुसतात. पण हे बघा." तिने चित्र मोठं केलं. "सूत्रातनं आलेला पृष्ठभाग कितीही मोठा करा, एकसारखा वाकतो. हा तसा नाही. कुणीतरी ठिकठिकाणचे बिंदू घेऊन त्यांवर कापड ताणावं तसा केलाय. आणि इथं, कोपऱ्यात..."

कोपऱ्यात जाळी किंचित खचली होती. डावीकडून खालून निघून उजवीकडे वर जाणारा एक तिरपा खळगा.

"किती खोल?"

"आठ मायक्रॉन."

"कशामुळं?"

"माहीत नाही. कालपासनं डोकं फोडतेय. कुठल्याच सूत्रात असला खळगा येत नाही." ती पडद्याकडून पूनमकडे वळली. "तुमच्या साहेबांना हे सांगितलं तर म्हणतील, पोरगी स्वतःला वाचवायला काहीही बोलतेय."

पूनमने त्या खळग्याचा फोटो काढून घेतला. साहेब अगदी तेच म्हणाले असते.

*

मोजमापाची खोली थंडगार होती. कुमार देवकते मशीनपाशी उभाच होता, बसला नाही. मशीनच्या सळईच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल खडा होता. तो दात्यावरून फिरतो आणि पृष्ठभागाचा बिंदू न् बिंदू टिपतो, असं त्याने सांगितलं.

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन. माझी, मालकांची, उदयसिंह साहेबांची."

"ते चाक तुम्ही खरंच मोजलं होतं?"

"मोजलं होतं. फुगवटा चोवीस मायक्रॉन."

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दाते मोजले?"

"न्हाई, एवढे कोण मोजतं? चार मोजतो. दोन, तेरा, चोवीस, पस्तीस. कुठलाही अहवाल काढा, हेच आकडे दिसतील."

पूनमने अहवालांची फाइल चाळली. दोन, तेरा, चोवीस, पस्तीस. दुसऱ्या चाकांच्या अहवालांतही सुरुवात दोनापासूनच.

"ठिपका एक नंबरवर देता आणि मोजायला दोनपासून धरता?"

"पद्धत हाय." कुमारने नजर वळवली. "आदीच्या इन्स्पेक्टरनं शिकवलं, म्या चालू ठेवलं."

"कारण?"

"पद्धतीला कारण काय असतंय, मॅडम?"

त्याने घाम पुसला. खोलीत घाम यावा असा उकाडा नव्हता.

*

साडेबारा वाजता पूनम येडूच्या बायकोला भेटायला गेली. दवाखान्याच्या शवागाराबाहेर, कडुलिंबाच्या सावलीत केराबाई बसली होती. भाऊबंद गाडीची वाट बघत होते. मयत गावाकडं, सांगोल्याच्या पलीकडच्या वाडीला न्यायचं होतं. पूनम तिच्याशेजारी खाली बसली.

"कुटली गं तू, बाई?" केराबाईने विचारलं.

"सांगोल्याचीच. खांडेकराची."

"मग तुला सांगते. लई दिस न्हाई झालं, चार दिसांमागं हसत हुतो आमी." तिने पदर तोंडाला लावला. "शनवारी घरी आलं तवा हाताची सालं निगाली हुती. थिनरचा वास येत हुता अंगाला. म्या म्हनलं, फिटरचं काम सोडून रंगारी झालासा व्हय? तर म्हनलं, अगं, रंग लावत न्हाई, काडतोय. धाकल्या मालकाचं अर्जंट काम हाय."

"कशावरचा रंग?"

"ते न्हाई सांगितलं. दिसभर घासून बी फटीतला निगंना, म्हनलं. म्या त्येल चोळलं हाताला." तिने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "येवडंच. त्यावर जेवून झोपलं."

पूनमने तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने गाडी आली.

*

दोन वाजता ती परत वर्कशॉपमध्ये होती. पंचनाम्याच्या टेबलावर मोडलेलं चाक ठेवलं होतं. तिने रॉकेलचा बोळा घेतला आणि दात्यांच्या फटीतल्या लाल रेघेवर घासला. पहिल्यांदा हलके, मग जोर लावून.

लाल रंग हलला नाही.

तेलात कालवलेला शेंदूर रॉकेलने सुटतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या वडिलांच्या मेंढरांच्या पाठीवर दोन प्रकारच्या खुणा असत. एक बाजारापुरती, धुतली की जाणारी. दुसरी मालकीची, लोकर कातरली तरच जाणारी. हा दुसऱ्या जातीचा रंग होता.

"कुमार, वर्कशॉपमध्ये लाल रंग कशाला वापरतात?"

"नापास मालाला. चुकून बी कुणी उचलू न्हाई म्हनून."

"मागं असं एखादं चाक नापास झालं होतं? याच मापाचं?"

कुमार गोंधळला. "झालं हुतं की. दिवाळीत. पयला नमुना. त्येचा फुगवटाच राहिला हुता, मशीनवर आकडा चुकीचा चढला. म्या सवता लाल रंग फासला आन् मागच्या शेडमधी टाकलं."

शेडमध्ये धुळीवर गोल जागा तेवढी स्वच्छ होती. फाटकावरच्या रजिस्टरात नोंद सापडली: दोन एप्रिल, नापास चाक, एक नग, भंगारात. सही उदयसिंह बागल.

पूनमने हवालदाराला होटगी रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानी पिटाळलं आणि घड्याळ बघितलं. तीनला दहा कमी.

आता तिला बरंच कळलं होतं. मोडलेलं चाक कुमारने पास केलेलं नव्हतंच. पण चाक कुणी बदललं हे कळलं तरी अंकिताची फाइल तशीच उभी होती. वकील म्हणेल, चाक कुणी का बदलेना, पोरीचं मॉडेलही सपाटच होतं. नवं चाकसुद्धा असंच मोडलं असतं. आणि उदयसिंह म्हणेल, भंगार देताना माणसांनी चूक केली, मला काय ठाऊक?

ती ग्राइंडिंगच्या खात्यात गेली.

गुरुसिद्धप्पा चानकोटी मशीनवरून एक चाक उतरवून घेत होते. वय पासष्ट, मैंदर्गीचे. रोज सकाळच्या एसटीने येतात आणि संध्याकाळच्या एसटीने जातात. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांची पूनमकडे पाठ होती. चाक टेबलावर टेकलं. अप्पांनी कपड्याने ते पुसलं, अंगठ्याने चाचपून ठिपका शोधला. मग खिशातून काळा, तेलकट, विड्याएवढा दगड काढला. डाव्या हाताने त्या एका दात्याच्या कोपऱ्यावर तीन हात मारले. खालून वर, तिरपे. दगड कपाळाला लावला आणि खिशात टाकला.

"अप्पा."

चोरी पकडली गेल्यासारखा म्हातारा वळला.

"खिशात काय आहे?"

"इल्ल री. काही नाही."

"मी बघितलं, अप्पा."

अप्पांनी दगड काढून तिच्या हातावर ठेवला. "घेऊन चला मला. त्या पोरीला सोडा. येडूला मीच मारलं."

"कसं?"

"तीस वर्षं झाली. चाक मशीनवरनं उतरलं की पहिल्या दात्याला हात लावल्याबिगर मी खाली ठेवत नाही. माझ्या वस्तादानं शिकवलं. बाकीचे दाते मशीनचे, एक आपला, म्हणायचे. ड्रॉइंगमध्ये हे नाही री. आणि तुटला तो पहिलाच दाता. काल रात्री डोळ्याला डोळा नाही."

"मोडलेल्या चाकालाही हात लावला होतात?"

"एक चाक सोडलं नाही आजवर."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मालकाला. ते माझ्याबरोबर मशीनवर उभे राहिलेत. कुमारला. म्हणून तर तो पहिला दाता मोजत नाही, माझ्या हातानं आकडा बिघडतो. माझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसतो बिचारा."

"आणि उदयसिंहांना?"

"ते कशाला बघतील? खाली येतात, मशीनचा फोटो काढतात, जातात. त्यांना कळलं असतं तर हा दगड कधीच बाहेर फेकला असता."

पूनमने मोबाइल उघडला. सकाळी काढलेला फोटो. डावीकडून खालून, उजवीकडे वर.

तिने मोबाइल चाकावरच्या ठिपक्याशेजारी धरला.

"अप्पा, हे चाक उचला," ती म्हणाली. "मोजमापाच्या खोलीत न्यायचंय."

*

पाच वाजता मोजमापाच्या खोलीत सहा माणसं होती: पूनम, सयाजीराव, उदयसिंह, अंकिता, कुमार आणि अप्पा. हवालदार दाराशी उभा होता. त्याच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"कुमार, या चाकाचा एक नंबरचा दाता मोजा."

कुमारने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली. लाल खडा दात्यावरून फिरू लागला. पडद्यावर जाळी भरत गेली. मधोमध फुगवटा आला, जसा यायला हवा. मग कोपरा आला.

अंकिता एकदम पुढे झाली. "तोच. तोच खळगा!"

"किती?"

"नऊ मायक्रॉन. उतारही तोच."

"याला फुगवटा आहे, त्या फाइलीत नाही. पण खळगा दोन्हीकडं," पूनम म्हणाली. "हा खळगा सूत्रातनं येत नाही. मशीननंही पडत नाही. अप्पा डाव्या हातानं दगड मारतात त्याची ही खूण आहे, आणि ती फक्त पहिल्या दात्यावर असते."

"अप्पा दगड मारतात?" उदयसिंहाने विचारलं. त्याला खरोखरच धक्का बसला होता. खोलीत धक्का बसलेला तो एकटाच होता.

"तीस वर्षं," सयाजीराव हळूच म्हणाले.

"आता असं बघा," पूनम म्हणाली. "अंकिताची म्हणून तुम्ही जी फाइल दिलीत तिच्यावर तारीख अकरा मार्च. मॉडेल आधी, पोलाद नंतर. मग पोलाद घासून झाल्यावर अप्पांच्या हातानं पडलेली खूण आधीच्या मॉडेलमध्ये आली कुठनं? याचा अर्थ ते मॉडेल नाहीच. कुणीतरी तयार चाकाचा पहिला दाता या मशीनवर मोजला, त्या बिंदूंचा पृष्ठभाग केला, संगणकाचं घड्याळ मागं नेलं आणि अंकिताच्या नावावर ठेवून दिला."

"कुमारनं केलं असेल," उदयसिंह म्हणाला. "मशीन तोच चालवतो."

"कुमारनं केलं असतं तर दोन नंबरचा दाता मोजला असता. पहिला बिघडलेला असतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मालकांनाही ठाऊक आहे. अप्पांना संगणक सुरू करता येत नाही. अंकिता स्वतःला अडकवणारी फाइल स्वतः बनवणार नाही. किल्ल्या तीन. ठिपका दिसला म्हणून सरळ तिथनंच मोजायला घेईल असा माणूस एकच आहे. ज्यानं अप्पांना काम करताना दोन वर्षांत एकदाही नीट बघितलं नाही."

मशीनच्या हवेचा बारीक आवाज येत होता.

"चाकाचं आता सांगते. हवालदार, ते उघडा."

गोणपाट बाजूला झालं. आत तसंच एक चाक होतं, त्रेचाळीस दात्यांचं. दोन दात्यांच्या कडा ठेचलेल्या. लाल रंगाचा मागमूस नाही.

"दोन एप्रिलला नापास म्हणून भंगारात गेलं ते हे. कुमार, हे कुठलं?"

कुमारने वाकून चाकावर कोरलेला नंबर वाचला. "ह्ये... ह्ये म्या पास केलेलं. सव्वीस मार्चचं. ह्येला कुणी ठेचलं?"

"क्रेनवरनं पडलं असणार. नवं करायला किती दिवस?"

"दीड महिना."

"आणि साखर कारखान्याचे लोक गिअरबॉक्स बघायला येत्या शुक्रवारी येणार होते. म्हणून शेडमधलं दिवाळीचं नापास चाक बाहेर आलं. शनिवारी येडूकडनं त्याचा लाल रंग थिनरनं काढून घेतला, नंबर बदलला. फटीतला रंग निघाला नाही. तो शेंदूर वाटला सगळ्यांना, मलाही. रॉकेलनं पुसून बघेपर्यंत."

"येडूनं ओळखलं नाही व्हय?" अप्पांनी विचारलं.

पूनमने उदयसिंहाकडे बघितलं. "काय सांगितलंत त्याला?"

उदयसिंहाचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पुन्हा घासून आणलंय म्हणून सांगितलं," तो म्हणाला. मग घाईने, "मला वाटलं चालेल. जेवणाच्या सुट्टीत मीच क्रेन चालवली, पट्टा सुटला. आबा म्हणाले होते, हे काम एकट्यानं निभावून दाखव. मी काय सांगणार होतो त्यांना? चाकात एवढा फरक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. फाइल मी घाबरून केली. काल. अपघात झाल्यावर."

"फाइल काल केलीत. पण दाता काल मोजला नाहीत."

"म्हणजे?"

पूनमने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि मशीनच्या कट्ट्यावर ठेवली. खारकेएवढा तुकडा. त्यावर ठिपका.

"हा तो पहिला दाता. काल दहा चाळीसला तुटला आणि पंख्याच्या जाळीत जाऊन बसला. सकाळी मी काढेपर्यंत तिथंच होता. तुमच्या फाइलीत मात्र तो अख्खा आहे, टोकापासून बुडापर्यंत, कोपऱ्यासकट. म्हणजे चाक गिअरबॉक्समध्ये बसवण्याआधी तुम्ही तो इथं मोजलात. पडद्यावर सपाट आलेला बघितलात. फुगवटा नाही, हे बघितलात. आणि तरी चाचणी लावलीत."

उदयसिंह कट्ट्यापासून मागे सरकला.

"चूक झाली असं तुम्ही म्हणू शकला असता," पूनम म्हणाली. "अंकिताला गुंतवायला जी फाइल केलीत, तिनंच सांगितलं की तुम्हाला ठाऊक होतं."

अप्पा भिंतीला टेकले होते. "पोरी," त्यांनी अंकिताला विचारलं, "माझ्या दगडानं तर नाही ना तुटला?"

"नाही अप्पा." तिचे डोळे आता वाहत होते. "तुमच्या दगडानं कोपरा हलकाच होतो. उलट भार कमी येतो तिथं."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पूनमने वरिष्ठांना फोन लावला. दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, तिने उत्तर दिलं: "नाही साहेब, मुलगी नाही. तिला घरी सोडतेय. मोडनिंबला तुम्ही स्वतः एक फोन केलात तर बरं होईल." मग ती हवालदाराकडे वळली आणि तो उदयसिंहाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"अर्धा तास चालवायचं होतं फक्त," उदयसिंह म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "अर्ध्या तासात काय होतंय, असं वाटलं."

"त्या अर्ध्या तासात तुम्ही कुठं होता?"

उत्तर दुसरीकडून आलं.

"वरच्या केबिनमध्ये," सयाजीराव म्हणाले. "काचेच्या मागं. एरवी दर चाचणीला हा येडूच्या शेजारी उभा असतो. काल म्हणाला, फोन यायचाय. मी वर गेलो तर मोबाइल टेबलावर उपडा पडलेला आणि हा काचेला चिकटून खाली बघत होता."

"आबा!"

"माझा जबाब लिहून घ्या, मॅडम."

पूनम घुटमळली. "उद्या ठाण्यात आलात तरी चालेल, सयाजीराव. आज तुम्ही..."

"आत्ताच लिहा." सयाजीरावांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. "एक रात्र मधे गेली तर मला बोलता यायचं नाही."

हवालदार उदयसिंहाला घेऊन बाहेर गेला. अंकिताने मशीनशेजारचं टेबल रिकामं करून दिलं. पूनमने कोरा कागद पुढे ओढला, तारीख टाकली, वेळ टाकली. पाच अठ्ठावीस.

"पूर्ण नाव?"

"सयाजी भगवंत बागल."

"वय?"

"बासष्ट."

"आरोपीशी नातं?"

बाहेर जीपचं दार लागल्याचा आवाज आला. सयाजीरावांनी तिकडे मान वळवली नाही.

"लिहा," ते म्हणाले. "वडील."